एरेना कुणाची

एरेनाच्या हनुवटीवरच्या व्रणावर रौकुराने सात पानं लिहिली होती, आणि ती वाचायला डूगलला सात मिनिटंही लागली नाहीत. वाचून झाल्यावर त्याने पानं नीट जुळवली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि म्हणाला, "छान आहे. पण नको."

"छान आहे तर नको का?"

"खेळणारा तिची हनुवटी बघणारच नाही म्हणून. अकरा तास तो तिची पाठ बघतो."

पाठीचं हे तुणतुणं रौकुरा तीन वर्षं ऐकत होती. गिझबर्नच्या बंदराजवळ लोकर साठवायचं एक जुनं गोदाम आहे, त्याच्या माडीवर पाच जण मिळून एक व्हिडिओ गेम तयार करत होते. एरेना नावाची मुलगी एका ओसाड गावात येते, नदीच्या उगमापर्यंत चालत जाते आणि हरवलेली माणसं परत आणते, एवढीच त्याची गोष्ट. आराखडा डूगलचा, लिखाण रौकुराचं. एरेनाच्या मागच्या आयुष्याचीच तिने नव्वद पानं लिहून ठेवली होती. डूगल पार दक्षिणेचा, डनीडनचा. बोलणं कमी आणि एकदा नाही म्हटलं की देवाचा बापही ते फिरवू शकायचा नाही. रौकुरा इथलीच, किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांपैकी. तिचं बोलणं कधीच कमी नव्हतं.

डूगलशी भांडणं सोपं होतं, त्याला कमी लेखणं मात्र शक्य नव्हतं. दर शुक्रवारी गावातली चार अनोळखी माणसं बोलावून तो त्यांना अर्धामुर्धा गेम खेळायला द्यायचा आणि स्वतः मागे स्टुलावर बसायचा. तोंडावर हात, मांडीवर वही. खेळणारा वीस मिनिटं चुकीच्या टेकडीवर चढत राहिला तरी हा चकार शब्द काढायचा नाही. फक्त लिहायचा. बाकीचे लोक आपण काय केलं ते सांगायला उतावीळ असतात. हा माणूस आपलं काय चुकलं ते बघायला तासन्‌तास बसायचा. रौकुराला त्याच्या या सबुरीचं मनापासून कौतुक होतं, आणि त्याच सबुरीने तिचा घात केला होता. कारण त्या वहीत असं लिहिलेलं होतं की एरेनाचा बाप खेकड्यांच्या होडीतून बुडतो त्या प्रसंगी दोन शुक्रवारच्या मिळून आठ जणांपैकी सहा जणांनी मोबाइल उघडला. एका शाळामास्तरणीने तर अगदी बाप शेवटचा हात वर करतो तेव्हाच जांभई दिली. रौकुराने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या बाईचा तोंडवळा तिच्या अजून लक्षात होता.

यावर डूगलचा उतारा ठरलेला होता. एरेनाला काहीच आठवत नाही. "खेळणाऱ्याला काही माहीत नसतं," तो म्हणाला, "तिलाही नसलं म्हणजे दोघं बरोबरीने निघतात. तिच्या पाठीवर तुझी नव्वद पानं लादली तर त्याने चढायचं कुठं?"

"डूगल, आमच्यात माणूस उभा राहिला की आधी डोंगर सांगतो, मग नदी, मग आजे-पणजे. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. आणि ही बया नावाखेरीज काही सांगतच नाही. तिला बघून माझी आजी विचारेल, ही कुणाच्या घरातून पळून आलीय?"

"विचारू दे की. विचारलं म्हणजे खेळावंसं वाटलं."

"तिच्यामागे कुणीच नसेल तर गेमच्या शेवटी माझं नाव घालू नकोस."

हे ती रागाच्या भरात बोलली, पण घरी जाऊन भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की आपण ते खरंच बोललो. तीन वर्षं ती या मुलीबरोबर उठली बसली होती. तिला असं अनाथ करून जगापुढे पाठवायचं आणि वर त्याखाली सही करायची, हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. गेम सुरू होतो तो मराएच्या फाटकाशी. मराए म्हणजे गावाचं सभाघर आणि त्यापुढचं मैदान. पाहुणा फाटकाबाहेर उभा राहतो, आतून बाईची लांब हाक येते, आणि ती आल्याशिवाय पंतप्रधानसुद्धा आत पाऊल टाकत नाही. एरेना फाटकाशी उभी आहे, गाव रिकामं आहे, आणि तरी हाक येते. ती हाक आंटी मिरिआमाच्या आवाजात हवी हेही ठरलं होतं. मांगातेरे गावात पन्नास वर्षं तीच हाक देत होती. रौकुराच्या आजीची ती चुलत बहीण. वय शहात्तर, आवाज असा की मैदानाच्या पार टोकाला उभ्या माणसाच्या छातीत उतरावा. पुढच्या गुरुवारी वेलिंग्टनहून ध्वनिमुद्रणवाली बाई येणार होती. डूगलने हाकेचे शब्दही स्वतःच्या भाषेत लिहून आधीच पाठवले होते. पाच ओळी.

दोघं दीड तास गाडी हाणून मांगातेरेला पोचले तेव्हा आंटी ओट्यावर बसून रताळी निवडत होती. पाच ओळींचा कागद टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी करून सारलेला होता.

"कागद मिळाला ना?" डूगलने विचारलं.

"मिळाला की. चांगला जाड आहे," आंटी म्हणाली. "बस रे बाबा. काय ते नाव तुझं?"

"डूगल."

"कुठला?"

"डनीडनचा. म्हणजे पणजोबा स्कॉटलंडहून आले. मेंढपाळ होते."

"हं. आता कळलं." तिने एक किडकं रताळं बादलीत टाकलं. "आणि ही पोरगी? जिला मी हाक मारायची आहे ती?"

"एरेना."

"ते नाव झालं. कोण आहे ती?"

डूगलने घसा साफ केला. "तिला काही आठवत नाही, आंटी. तिची स्मृती गेली आहे. आमच्या धंद्यात असं करतात."

"सगळ्यांची जाते?"

"बऱ्याच जणांची."

"काय साथ बिथ आहे का?" आंटीने रौकुराकडे पाहिलं. रौकुरा रताळ्यांकडे बघत बसली, कारण हसू आवरत नव्हतं. "बरं, तिला आठवत नाही. तिच्याबरोबर कोण आलंय?"

"कुणी नाही. एकटीच आहे."

"एकटं कुणी येत नाही रे. फाटकाशी उभं राहिलेल्या माणसामागे त्याची मेलेली माणसं उभी असतात. हाक त्यांनाही असते. त्यांना सोडून हिला एकटीला आत घेतलं तर ती बाहेर ताटकळतील." हे तिने तिन्हीसांजेची कामं सांगावीत तशा आवाजात सांगितलं. "तुझे मेंढपाळही आत्ता माझ्या अंगणात आहेत. म्हणून तर विचारलं कुठला ते."

डूगलने नकळत मागे वळून पाहिलं.

"आंटी," तो म्हणाला, "तुम्ही नुसतं ‘ये’ असं म्हटलंत तरी चालेल. पडद्यावर तिची पाठच तेवढी दिसते, आणि खेळणाऱ्याला तुमच्या भाषेतले शब्द कळणार नाहीत."

"मला कळतील ना. मी पाठीला हाक मारू शकत नाही, बाळा. ती कोण ते ठरवून या. गुरुवारपर्यंत आहे मी इथंच, मरत नाही."

परतताना डूगल गाडी चालवत होता. समोरून लाकडांचे ट्रक येत होते. रौकुरा खिडकीबाहेर बघत होती आणि तिला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एवढ्या मोठ्या बाईने तिची बाजू घेतली होती. नव्वद पानं आता कुणाचा बाप कापणार नव्हता.

शनिवारी ती एकटीच गेली. पानं पिशवीत, घसा खवखवू नये म्हणून लिंबाच्या गोळ्या. आंटी त्याच ओट्यावर होती, आज शिंपले उघडत होती.

"वाच," ती म्हणाली.

रौकुराने दुपारी एकला सुरुवात केली आणि ती थांबली तेव्हा ऊन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. होडी बुडाली. घर जळालं. आजीचे डोळे गेले. भावाने दगा दिला. हनुवटीवर वार झाला. आंटी मधे एकदाही उठली नाही, डुलकी घेतली नाही, ‘पुढे?’ असंसुद्धा म्हणाली नाही. शिंपले उघडून झाल्यावर तिने हात धुतले आणि मांडीवर ठेवले, आणि मग नुसतं ऐकत राहिली. तिच्यासारखं ऐकताना रौकुराने कुणाला पाहिलं नव्हतं. वाचता वाचता तिला आपल्याच पानांमधली भोकं दिसायला लागली. भावाचा दगा वाचताना तिला स्वतःलाच जांभई आली. ती तिने गोळी चघळल्याचं दाखवून गिळली.

"पोरीवर फार आलं गं," शेवटी आंटी म्हणाली.

"हो ना."

"पण हे सगळं तिच्यावर आलेलं. पाऊस येतो, आग येते, भाऊ फिरतो. ते कुणावरही येतं. मी विचारलं होतं ती कोण आहे."

रौकुराचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. तिने घाईघाईने शेवटचं पान काढलं. "ते पण आहे. तिचा डोंगर पुकेआहो, नदी मांगातेरे."

"आमचा पुकेआहो?"

"आपलाच. मुद्दाम घेतला. तुझ्या मानासाठी."

आंटीने हाताची बोटं मोजायला घेतली. "पुकेआहोखाली अकरा घरं. होनेची पोरं सात, त्यात एरेना नाही. पारेच्या दोन्ही पोरी ऑकलंडला. तामातीला सगळे मुलगेच. वरच्या आळीतल्या तिघी मला पाठ आहेत." बोटं संपली. "मग ही कुणाची?"

"कुणाचीच नाही, आंटी. ती... मी रचलेली आहे."

"मग डोंगर का घेतलास? डोंगर काय दुकानातला टॉवेल आहे, आवडला म्हणून गुंडाळला?" आवाज चढला नव्हता, तरी रौकुराचे कान तापले. "फाटकाशी खोटं बोलता येत नाही. तिलाही नाही, मलाही नाही. मी तिला पुकेआहोची म्हणून हाक मारली आणि मागे कुणीच नसलं, तर ती हाक जाणार कुठं?"

इतक्या जणांनी इतक्या वेळा ‘नको’ म्हटलं होतं, त्यात हे एक. पण हेच लागलं. रौकुरा ओट्याच्या पायरीवर बसली आणि रडली. कारण डूगल म्हणाला असता की पानं जास्त झाली, आणि आंटीने दाखवलं होतं की नव्वद पानांत जे हवं होतं तेच नव्हतं. दुसरं काही लिहून आणावं तर तेही रचलेलंच असणार. म्हणजे एरेना आता खरंच कुणाची नव्हती, आणि तिची लेखिका म्हणवून घेण्यात अर्थ नव्हता.

"तू हाक दिली नाहीस तर डूगल फाटकच काढून टाकेल," ती नाक पुसत म्हणाली. "पोरगी सरळ वाळूत उठून चालायला लागेल. तिला कधी कुणी विचारणारच नाही."

आंटीने शिंपल्यांचं भांडं तिच्या मांडीवर ठेवलं. "घरी ने. उद्या रविवार आहे, सगळे जेवायला असतील. विचारू त्यांना."

"काय विचारायचं?"

"कुणाच्या घरात जागा आहे ते."

रविवारी मराएच्या जेवणघरात तीसेक माणसं होती. बटाटे सोलले जात होते, दोन मोठ्या पातेल्यांत डुकराचं मटण आणि पालेभाजी रटरटत होती. आंटीने सोलणं न थांबवता सांगितलं की रौकुराच्या गेममध्ये एक पोर आहे, तिला घर नाही, आणि गुरुवारी ती फाटकाशी येणार आहे. कुणी हसलं नाही. घर नसलेल्या पोराला कुणीतरी आपल्याकडे घेणं हे त्या गावात इतक्यांदा झालं होतं की ती पोर पडद्यावरची आहे हा मुद्दा जरा मागेच पडला.

"धावते कशी ते दाखव आधी," होने म्हणाला. तो कुंपणं घालायचं काम करतो आणि सावकाश करतो.

रौकुराने मोबाइलवर दाखवलं. डोकी जमली.

"ही आमच्यातली नाही," होने म्हणाला. "आमच्या घरात कुणी धावल्याचं ऐकलंय का?"

"दार न वाजवता आत घुसते बघ," शाळेत काम करणारी पारे म्हणाली. "आणि दिसेल ते मडकं फोडते. ही अंकल तामातीकडची."

"आमच्याकडे दार होतं कुठं वाजवायला," तामाती कोपऱ्यातून म्हणाला. तो आंटीचा धाकटा भाऊ. "आणि मडकी तुझ्या बापाने फोडली. मी मोजलेली आहेत."

असा बराच काथ्याकूट झाला. चालते कशी, नदी दिसली की थांबते का, म्हाताऱ्या माणसाला वाट देते का. रौकुराला सगळ्याची उत्तरं द्यावी लागली, आणि गंमत म्हणजे तिच्या नव्वद पानांत यातलं एकही नव्हतं. नदी दिसली की एरेना थांबते हे डूगलने केलं होतं. बटणाला हात लावला नाही तर ती पाण्याकडे बघत उभी राहते. ते त्याने का केलं हे कधी कुणी त्याला विचारलं नव्हतं. त्या माणसाला पोरीबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे की काय, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

"आणि तिला काही म्हणजे काहीच आठवत नाही?" पारेने विचारलं. "आईचं नाव? गाणं? काहीच?"

"काहीच नाही."

"मग ती बाहेर वाढलेली असणार. कुणी सांगितलंच नसेल तिला."

आंटीची सुरी थांबली. "राहेराची असेल," ती म्हणाली.

पातेल्यांचा तेवढा आवाज राहिला. रौकुराने हे नाव याआधी दोनदाच ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा आजीने विषय बदलला होता. राहेरा आंटीची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर सिडनीला गेली. पाच पत्रं आली. सहावं आलं नाही. भाऊ शोधायला गेला आणि हात हलवत परत आला. सभाघराच्या भिंतीवर गावच्या मेलेल्यांचे फोटो असतात. राहेराचा तिथं लावला नाही, कारण ती मेली असं कोण म्हणणार, आणि जिवंत म्हणून जेवायला कधी आली नाही. छप्पन्न वर्षं ती ना आत होती ना बाहेर.

"आंटी," होने हळूच म्हणाला, "लोक खेळणार तिच्याशी. उड्या मारायला लावणार."

"नातीशी खेळतातच लोक."

"पण खरं तर नाही ना ते. तूच म्हणतेस ना, फाटकाशी खोटं नको."

"राहेराला नात नाही हे तुला ठाऊक आहे?" आंटीने विचारलं. "मला नाही. कुणाला ठाऊक असेल त्याने सांगावं, मी शब्द मागे घेते."

तामातीने डोळे चोळले. "वय जुळतं," तो म्हणाला. "आणि नदीपाशी उभी राहायची ती. आई हाका मारून दमायची."

बस, ठरलं. मतं घेतली नाहीत, टाळ्या वाजल्या नाहीत. पारेने बटाट्यांचं पातेलं उचललं आणि आणखी एक ताट मांडायला सांगितलं, पण ते होनेच्या सासूसाठी होतं.

"आंटी, हे एरेनाला माहीत असायला हवं का?" रौकुराने विचारलं.

"कसं असेल? सांगायला तिथं कोण होतं? मला माहीत आहे. हाक मारणाऱ्याला माहीत असलं की झालं."

तीन वर्षं रौकुरा आणि डूगल एकाच पोरीच्या डोक्यावरून ओढाताण करत होते, तिच्या डोक्यात किती भरायचं आणि किती नाही. ते डोक्यात ठेवायचंच नव्हतं. नवख्या माणसाला आपलं काही माहीत नसतं, आणि फाटकाशी उभी असलेली म्हातारी त्याला सगळ्या पिढ्यांसकट ओळखते, हे तिने लहानपणापासून प्रत्येक मयताला आणि लग्नाला पाहिलं होतं, आणि लिहिताना नेमकं तेच विसरली होती. त्या क्षणी तिला आंटीचा जो अभिमान वाटला तो कुठल्याही पुस्तकाबद्दल कधी वाटला नव्हता.

सोमवारी तिने डूगलला सगळं सांगितलं. त्याने तोंडावर हात ठेवून ऐकलं.

"म्हणजे तिला काहीच माहीत नाही," तो म्हणाला, "आणि दारातल्या बाईला सगळं माहीत आहे."

"हो."

"आणि खेळणाऱ्याला?"

"कळेल तेवढं कळेल. पडद्यावर खाली अर्थ द्यायचा नाही."

"मला हे सुचायला हवं होतं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे पदक मिळण्यासारखं होतं. मग त्याने नव्वद पानांच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "यांचं काय?"

रौकुराने गठ्ठा स्वतःच उचलला आणि खणात टाकला. हनुवटीवरचा व्रण मात्र तिने राहू दिला. तो कशाने झाला ते आता ती कुणालाही सांगणार नव्हती.

गुरुवारी सकाळी मराएच्या मैदानावर वारा पडलेला होता. वेलिंग्टनची बाई लांब काठ्यांवर माइक लावून तयार होती. आंटी काळ्या कपड्यांत, डोक्यावर हिरव्या पानांची चुंबळ घालून सभाघरापुढे उभी राहिली आणि तिने फाटकाकडे पाहिलं.

"तिथं कुणी नाही," ती म्हणाली.

"आवाजच घ्यायचा आहे, आंटी," ध्वनिमुद्रणवाली म्हणाली.

"रिकाम्या फाटकाला हाक मारत नाहीत गं."

रौकुरा निघाली तर आंटीने मान हलवली. "तू घरची आहेस. पाहुणा हवा." आणि तिने डूगलकडे बोट केलं. "तू आण तिला."

डूगलने लॅपटॉप उघडला, त्यावर एरेनाला उभं केलं आणि तो छातीशी धरून फाटकाबाहेर गेला. तिथं जाऊन त्याला काहीतरी खटकलं. त्याने लॅपटॉप खाली टेकवून काही बटणं दाबली. पडद्यावर कायम पाठ असलेली पोरगी वळली आणि तिचा चेहरा आंटीकडे झाला. तो चेहरा अजून पुरता झालेला नव्हता. डोळे होते, व्रण होता, बाकी बरंच राहिलं होतं. लॅपटॉप तसाच छातीशी धरून डूगल उभा राहिला.

मग हाक आली. ये गं, राहेराच्या नाती, ये. पाण्यापलीकडून आलीस, फार लांबून आलीस, ये. तुझ्या आजीला घेऊन ये. वाटेत तुझ्याबरोबर जे कुणी चालले त्यांनाही घेऊन ये. पुकेआहो तुझा, मांगातेरे तुझी. ये, पोरी, आत ये.

डूगलला यातला एक शब्द कळत नव्हता. तरी तो सावकाश, एकेक पाऊल टाकत मैदानात शिरला, जसं शिरायचं असतं तसाच, आणि त्याचा चेहरा भिजलेला होता. सभाघराच्या पडवीत तामाती खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता. रौकुरालाही रडू आवरेना, आणि तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

ध्वनिमुद्रणवालीने कानावरचं काढलं. "एका दमात झालं," ती म्हणाली. "अप्रतिम. पुन्हा घ्यायची गरज नाही."

"एक शब्द कापायचा नाही," डूगल म्हणाला.

चहा आला. आंटीने कप घेतला पण प्यायली नाही. ती लॅपटॉपवरच्या पोरीकडे बघत होती.

"हा गेम कुठं कुठं मिळणार?" तिने रौकुराला विचारलं.

"सगळीकडे, आंटी. जगात कुठंही."

"सिडनीत?"

"सिडनीत पण. तिथं तर पुष्कळ लोक खेळतात."

आंटीने कप खाली ठेवला, डोक्यावरची पानं सारखी केली आणि उठून पुन्हा मैदानाकडे निघाली.

"त्या बाईला म्हणावं परत लाव ते," ती म्हणाली. "मघाशी मी इथल्या इथं मारली हाक."